पापणी लवेपर्यंत

आमच्या घरी जाड काळ्या कागदांचा एक जुना अल्बम आहे. त्यात आजी अंगणात तांदूळ निवडायला बसली आहे, हात सुपावर थबकलेला. तिचा चेहरा मला लख्ख आठवतो. पण हाक मारल्यावर ती मान कशी वळवायची, ते काही केल्या आठवत नाही. 'ला जेते' पाहताना सारखी ती न आठवणारी मान मनात येत राहिली.

क्रिस मार्करचा १९६२चा हा फ्रेंच चित्रपट जेमतेम २८ मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांचा. श्रेयनामावलीत त्याने त्याला 'फोटो-कादंबरी' म्हटलंय. गोष्ट अशी: तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झालंय. उरलेली माणसं शायोच्या राजवाड्याखालच्या भुयारांत दिवस काढताहेत. तिथले शास्त्रज्ञ एका कैद्याला भूतकाळात धाडतात. तोच का? तर लहानपणी ओर्ली विमानतळाच्या धक्क्यावर पाहिलेला एका बाईचा चेहरा त्याच्या मनात रुतून बसलाय. काळात मागे जायचं तर कुठेतरी दोर बांधावा लागतो, आणि ती खुंटी त्याच्यापाशी आहे.

भूतकाळात ती बाई त्याला भेटते. दोघं बागेत हिंडतात, पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात रेंगाळतात. सिकोया वृक्षाच्या बुंध्याच्या कापावर इतिहासातल्या तारखा मांडलेल्या असतात. तो कापाच्या बाहेर, हवेत बोट दाखवतो आणि म्हणतो, मी तिथून आलोय. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'तली (१९५८) नायिका अशाच बुंध्याच्या वर्तुळांवर आपला जन्म आणि मृत्यू दाखवते. मार्करच्या नायकाला मात्र लाकडात जागाच नाही. हा एक चिमटा मला अख्ख्या 'व्हर्टिगो'हून मोठा वाटतो. पटलं नाही तर सोडून द्या.

एकदा ती झोपलेली दिसते. एक चित्र दुसऱ्यात विरघळतं, उशीवरचा चेहरा किंचित कलतो, पाखरांचा किलबिलाट वाढत वाढत कानठळ्या बसतील इतका होतो. आणि ती डोळे उघडते. खरोखर उघडते, पापण्या लवतात. सबंध चित्रपटात हलणारं दृश्य एवढंच. 'अरे, ही जिवंत आहे' म्हणेपर्यंत समोर प्रयोग करणाऱ्याचा थंड चेहरा येतो.

शेवट सांगून टाकतो, साठ वर्षांत तो गुपित राहिलेला नाही. नायक पुन्हा त्या धक्क्यावर पोचतो, तिच्याकडे धावतो आणि मारला जातो. लहानपणी त्याने तिथे पाहिलं होतं ते स्वतःचंच मरण. त्या पोराने बाईचा चेहरा तेवढा जपला आणि उरलेलं त्याच्याआड सारलं. ते प्रेम होतं की पांघरूण, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. आजीच्या फोटोतही चौकटीबाहेर कोण उभं होतं, हे आता सांगणारं कुणी उरलं नाही.

याच गोष्टीवरून टेरी गिलियमने १९९५ साली 'ट्वेल्व्ह मंकीज' काढला. चांगला आहे, पण त्यात सगळंच हलतं.

'ला जेते' बघायला बसाल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मधल्या त्या काही सेकंदांत नजर खाली गेली, तर तिचे उघडलेले डोळे तुम्हाला दिसायचे नाहीत.