अभ्यासमंडळ, संहिता आणि उत्तरदायित्व

विद्यापीठाच्या कारभारातील प्राध्यापकांचा सहभाग हा विषय आपल्याकडे बहुधा जागांच्या हिशेबात मांडला जातो : अधिसभेवर निर्वाचित किती, नामनिर्देशित किती. १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाची जागा २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने घेतली आणि नामनिर्देशनाला अधिक वाव मिळाला, तेव्हाही चर्चा प्रामुख्याने याच अंगाने झाली. हा हिशेब क्षुल्लक नव्हे. परंतु प्राध्यापकाला हा अधिकार मुळात कशातून प्राप्त होतो, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. एका वर्गाचा प्रतिनिधी म्हणून, की संहिता वाचून ती शिकविण्याचे दायित्व पत्करणारा म्हणून?

साहित्याच्या अभ्यासकांसमोर हा प्रश्न २०१० साली मुंबई विद्यापीठात अत्यंत मूर्त रूपात उभा राहिला. रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' (१९९१) ही कादंबरी कला शाखेच्या द्वितीय वर्षाच्या इंग्रजी अभ्यासक्रमात होती. शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने तिला आक्षेप घेतला, प्रती जाळल्या गेल्या आणि कुलगुरूंनी आपला आणीबाणीचा अधिकार वापरून ती मागे घेतली. १९९४च्या अधिनियमातील ही तरतूद बारकाईने वाचण्याजोगी आहे. तातडीची कृती आवश्यक वाटल्यास कुलगुरूंनी ती करावी. मात्र एरवी तो विषय ज्या मंडळाच्या कक्षेत आला असता, त्याला आपली कारणे लेखी कळवावीत. म्हणजे ही तरतूद मंडळाचा अधिकार नाकारत नाही, गृहीत धरते. रस्त्यावरील क्षोभ ही तातडीची बाब असू शकते. कादंबरीची पाठ्ययोग्यता ही नव्हे. वाचन काही तातडीने उरकता येत नाही.

तथापि सारा दोष कुलगुरूपदाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. दिल्ली विद्यापीठात ए. के. रामानुजन यांच्या 'थ्री हंड्रेड रामायणाज' या निबंधाबाबत सर्व सोपस्कार यथासांग पार पडले. २००८ साली इतिहास विभागात तोडफोड झाली, प्रकरण न्यायालयात गेले, चार तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिघांनी निबंधाच्या बाजूने कौल दिला. तो पदवीच्या वर्गात असावा काय, याविषयी चौथ्याला शंका होती. ऑक्टोबर २०११मध्ये विद्यापरिषदेने बहुमताने निबंध वगळला. येथे अध्यापकांचा सहभाग होता. उलट त्यांच्याच हातांनी हे घडले. मराठीत 'मत' हा एकच शब्द अभिप्राय आणि कौल या दोहोंसाठी चालतो, आणि ही सोय फसवी आहे. विद्यापरिषदेत कौल मोजले गेले. तिघा जाणकारांच्या अभिप्रायाचे खंडन मात्र कोणी करावे, हे बहुमताला ठरवावे लागले नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. विद्यापीठ समाजाच्या पैशावर चालते. मग पाठ्यक्रम ही तज्ज्ञांची मिरासदारी का? दलित साहित्याला आपल्या अभ्यासक्रमांत जागा मिळाली ती काही अभ्यासमंडळांच्या स्वयंस्फूर्त औदार्यामुळे नव्हे. बाहेरून उभ्या राहिलेल्या वाङ्मयीन आणि सामाजिक चळवळीचा रेटा त्यामागे होता. पण त्या चळवळीने जुन्या संहिता नव्याने वाचावयास लावल्या, नव्या संहिता पुढे आणल्या, निकषांवर वाद घातला. तिने वाचनाची मागणी केली. प्रती जाळणारा वाचन थांबविण्याची मागणी करतो. दोन्ही 'बाहेरचा दबाव' म्हणून एका तागडीत तोलणे हे विचाराचे आळस-लक्षण होय.

अमेरिकेतील प्राध्यापक संघटनेच्या १९६६च्या निवेदनात अभ्यासक्रमाची प्राथमिक जबाबदारी अध्यापकवर्गाकडे सोपविली आहे, आणि नियामक मंडळाने त्यांच्याविरुद्ध निर्णय केवळ अपवादात्मक परिस्थितीत, तोही कारणे कळवून घ्यावा, असे म्हटले आहे. आपल्या अधिनियमातही कारणांचा आग्रह आहेच, पण तो कुलगुरूंपुरता. अभ्यासमंडळांच्या इतिवृत्तात मात्र 'चर्चेअंती संमत' एवढीच ओळ उमटते. अमुक पुस्तक का नेमले, हे पाच वर्षांनी कोणी विचारले तर दप्तरात उत्तर सापडत नाही. ज्या मंडळाने नेमताना कारण लिहिले नाही, त्याने वगळताना कारण कोणत्या तोंडाने मागावे? दिल्लीत मोजक्या सदस्यांनी आपला विरोध नोंदविला होता. त्या प्रसंगी आपापले वाचन सभागृहासमोर ठेवण्याचे काम त्यांनी केले.