देवळालीच्या मास्तरांचा छंद

मनुष्याच्या बुद्धीचे मोल तिने हाती घेतलेल्या विषयाच्या भव्यतेवरून करावे, की त्या विषयाशी तिने राखलेल्या इमानावरून, हा प्रश्न दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या चरित्रापाशी येऊन मला नेहमी अडवितो. १९०५ साली डहाणूस एका कारकुनाच्या पोटी जन्मलेला आणि फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९२७ साली, रँग्लर परांजपे पारितोषिक मिळविलेला हा बुद्धिमान तरुण १९३० मध्ये देवळालीच्या शाळेत मास्तर झाला, आणि १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत मास्तरच राहिला. आमच्या अकोले तालुक्याची शीव जेथे नाशिक जिल्ह्यास भिडते तेथून देवळाली काही परमुलुख नव्हे. तेव्हा त्यांना शेजारी म्हणण्याचा हक्क मी बजावून ठेवतो.

त्यांचा सर्वश्रुत शोध १९४६ चा. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेले तेच अंक वजा करावेत, आणि येणाऱ्या बाकीवर हाच संस्कार करीत जावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ या संख्येशी मुक्काम पडतो, आणि तेथून पुढे वाट नाही. मलिक अहमदाने निजामशाहीची मुहूर्तमेढ रोवली ते १४९० हे साल घेतले, तर ९२६१, ८३५२ आणि तिसऱ्या पायरीस ६१७४. नेहरू, आझाद आदी पुढारी नगरच्या किल्ल्यात बंदिवान झाले ते १९४२ साल अधिक हट्टी निघते: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ असे रेंगाळत ते सहाव्या खेपेस ठिकाणावर येते. शाही तख्त असो वा तुरुंग, अंकांना त्याचे सोयरसुतक नाही.

पण एवढ्यावर थांबतील तर ते कापरेकर कसले! पंचेचाळिसाचा वर्ग २०२५, आणि वीस व पंचवीस मिळून पुन्हा पंचेचाळीस. अशा संख्यांचे त्यांनी थवेच्या थवे हुडकले. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी हाती येत नाही, उदाहरणार्थ वीस, तिला त्यांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या म्हटले. आणखी एका जातीला तर आगगाडीच्या एका स्थानकाचे नाव दिले. पदरी पदव्युत्तर पदवी नाही. निबंध किरकोळ नियतकालिकांत छापावेत, नाहीतर पुस्तिका स्वतःच काढाव्यात, असा सारा संसार. तत्कालीन गणितज्ञांपैकी अनेकांनी या खटाटोपाची पोरखेळ म्हणून संभावना केली.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या विख्यात सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे वारे फिरले. आणि फिरले ते असे, की काल ज्यांची थट्टा झाली त्यांना आज रामानुजनांच्या पंक्तीस बसविण्याची घाई सुरू झाली. मला हा दुसरा अन्याय पहिल्याहून सौम्य वाटत नाही. रामानुजनांची सूत्रे गणिताच्या गाभ्याशी जाऊन भिडतात. कापरेकरांचे बहुतेक चमत्कार आपण दहांच्या पटीत मोजतो या केवळ रूढीवर उभे आहेत, आणि मोजण्याची पद्धत बदलली की ६१७४ चे माहात्म्यही सरते. टीकाकारांचा हा आक्षेप खोटा नव्हता. खोटी होती ती त्यातली तुच्छता. लहान वस्तूला लहान म्हणूनही तिच्यावर उभे आयुष्य जडविता येते, ही गोष्ट आपल्या हुद्देदार समाजाला पटत नाही. म्हणून तो आधी माणसाची टवाळी करतो आणि मग, त्या टवाळीची शरम वाटली की, त्याला देव्हाऱ्यात बसवितो. मास्तरांना मात्र दोहोंची गरज भासली असेल, असे दिसत नाही. १९८६ साली देवळालीतच त्यांचे देहावसान झाले. निवृत्तीनंतर शिकवण्या करून ते गुजराण करीत आणि अंकांशी खेळत.

वजाबाकीचा तोच संस्कार तीन अंकी संख्येवर केला तर ४९५ वर विसावा मिळतो. पाच अंकी संख्यांना मात्र असा एक मुक्काम नाही. त्या कोणत्या ना कोणत्या फेऱ्यात सापडून भोवंडत राहतात. असे का, म्हणून एखाद्या पोराने वर्गात विचारले, तर ‘हे परीक्षेत येत नाही’ या एका वाक्याने त्याला खाली बसविण्याचा अधिकार कोणत्या दप्तरातून आपल्या मास्तरांना बहाल झाला, याचा उलगडा मला अद्यापि झालेला नाही.