संस्थेचा खर्च भरतो कोण?

देणगीदाराचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: यातले किती पैसे थेट गरजूंपर्यंत जाणार? प्रश्न रास्त आहे. पण कार्यकर्त्याचे मानधन, एसटीचे भाडे, कार्यालयाचे वीजबिल, हिशेबनिसाचा पगार म्हणजे गळती, अशी समजूत त्यामागे असते. लातूर-नांदेडकडच्या स्वयंसेवी संस्थांचे काम पाहिले की ती टिकत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरचे पुनर्वसन म्हटले की आपल्याला 52 गावांचे स्थलांतर आठवते. त्याहून कितीतरी अधिक गावांत, लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत, जागच्या जागी घरे दुरुस्त आणि मजबूत करण्याचे काम झाले. जागतिक बँकेच्या मदतीतून घरमालकाला पैसे मिळायचे, बांधकाम त्याने करून घ्यायचे. पण पिढ्यान्‌पिढ्या दगडमातीच्या जाड भिंती बांधणाऱ्या गावाला नवी पद्धत कोण समजावणार? अडचण आली तर अभियंत्याला कोण गाठणार? त्यासाठी सरकारने प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला जोडून घेतले आणि गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहाय्यक’ झाल्या. बैठका घेणे, घरोघर जाऊन माहिती देणे, कामावर लक्ष ठेवणे, ही त्यांची कामे. अशा कामावर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. आजच्या एखाद्या अंदाजपत्रकात ते ‘प्रवास, प्रशिक्षण, मानधन’ या रकान्यांत गेले असते आणि पहिली कात्री तिथेच लागली असती. सिमेंटची रक्कम शाबूत राहिली असती.

कायद्याची दिशाही तीच आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. शाळेतल्या शिक्षकांचे, दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पगार त्यात धरत नाहीत, हे बरे. पण असा निधी एका संस्थेने दुसरीला देण्यावरही बंदी आली, त्यामुळे देगलूर-निलंग्यासारख्या ठिकाणच्या छोट्या संस्थेला मोठ्या संस्थेमार्फत तो मिळण्याची वाट बंद झाली. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) नियमांतली 5 टक्क्यांची मर्यादा तर कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारासाठी आहे. तरीही करार करताना पुष्कळदा तोच आकडा संस्थेपुढे ठेवला जातो. दुसरीकडे धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण अहवाल आणि बदल अर्ज, आयकर खात्याकडे देणगीवरच्या करसवलतीच्या नोंदणीचे नूतनीकरण, देणगीदारांचा तपशील देणारा फॉर्म, हे सगळे वेळेवर हवेच. चोख हिशेब मागायचा आणि हिशेबनिसाचा पगार नाकारायचा, हे कसे जमावे?

नाकारलेला खर्च नाहीसा होत नाही, कुणाच्या तरी अंगावर पडतो. मुखेड-कंधारकडच्या तांड्यावर स्वतःच्या पेट्रोलने जाणारी कार्यकर्ती तो भरते. प्रकल्प संपला की तिचे मानधन थांबते आणि तिने गावात जोडलेली माणसेही संस्थेला दुरावतात. त्यागाची परंपरा मराठवाड्याला मोठी आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. पण त्या परंपरेचे आदर्श स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या बाईला संन्याशाचे माप लावणे हा अन्याय आहे.

लोकांचा संशय निराधार नाही. कागदावरच्या संस्था, एकाच घरातले विश्वस्त आपल्याला ठाऊक आहेत. मात्र टक्केवारीच्या मर्यादेने हे प्रकार थांबत नाहीत. खोटे बिल करणारा ते ‘लाभार्थी’ या सदराखालीच लावतो. अडचण होते ती सचोटीने चालणाऱ्या संस्थेची. खरा खर्च सांगितला तर निधी जाईल या भीतीने ती कार्यालयाचे भाडे प्रशिक्षणात दाखवते. खरेपणा राखण्यासाठी केलेला नियम तिला खोटे लिहायला लावतो, आणि मला हे सर्वांत चिंतेचे वाटते.

म्हणून देणगीदाराने वेगळे प्रश्न विचारावेत. पाच वर्षांपूर्वीचे किती कार्यकर्ते आज संस्थेत आहेत? त्यांना भविष्य निर्वाह निधी मिळतो का? सहा महिने निधी आला नाही तर पगार कुठून होतील? संस्थेनेही वर्षाचा हिशेब, विश्वस्तांच्या नातेवाइकांना दिलेल्या रकमांसह, ज्या गावात काम आहे तिथल्या लोकांपुढे मराठीत वाचून दाखवावा. भूकंप झाला, किंवा 2016 सारखी लातूरला रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली, की मदतीचा ओघ लागतो. मधल्या वर्षांत कार्यकर्त्यांचे पगार चालू राहिले असतील, तरच ती मदत गावात नेऊन पोचवायला ओळखीची माणसे जागेवर असतील.