रंगदेवता आणि रंगमंचाचे पाय

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावात शालेय स्नेहसंमेलनाचा रंगमंच बहुधा तात्पुरता उभारलेला असतो आणि नाटकात किल्ला किंवा राजवाडा दाखवायचा असल्यास त्यावर आणखी एक ‘लेव्हल’, म्हणजे नटांना उभे राहण्यासाठी केलेला उंच चौथरा, चढवला जातो. प्रयोगापूर्वी नारळ फोडून नटराजाची पूजा होते. या पूजेचा लेव्हलचे पाय तपासण्याच्या कर्तव्याशी काय संबंध, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रातील कथेनुसार विघ्नांनी पहिला प्रयोग उधळला, इंद्राने जर्जर नावाच्या ध्वजदंडाने त्यांना झोडपले, तरी त्रास थांबेना. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेतले आणि त्यानंतरच त्याच्या निरनिराळ्या भागांवर देवांना रक्षक म्हणून नेमले. आधी बांधणी, मग देवता, हा क्रम ग्रंथरचनेतही दिसतो, कारण प्रेक्षागृहाचे लक्षण दुसऱ्या अध्यायात आणि रंगदैवतपूजन तिसऱ्यात आहे. त्या दुसऱ्या अध्यायात रंगपीठाच्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगाच्या जागेच्या, बाजूची मत्तवारणी नावाची जागा दीड हात, म्हणजे साधारण सव्वादोन फूट उंच असावी, रंगभूमी कासवाच्या किंवा माशाच्या पाठीसारखी फुगीर नसावी, खांब उभारताना तो हलू, कापू किंवा वळू नये, असे सांगितले आहे. खांब हलल्यास अवर्षण, वळल्यास मृत्यूचे भय, ही फले आजच्या वाचकाने शब्दशः मानण्याचे कारण नाही. पण खांबाचे डळमळणे हा तिथे विधीतलाच दोष ठरतो, हे विसरता येत नाही. म्हणून फळी न तपासता केलेली पूजा या शास्त्राच्याच दृष्टीने अपुरी राहते.

अपघातानंतर ‘दैव’ हा शब्द फार लवकर ओठावर येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. तथापि हा विचार रंगमंचापर्यंत नेला, तर पायाखालचा आधार, तो बांधणारे हात, खिळे-बोल्ट आणि एका तालात पडणारी पावले यांचा हिशेब लागल्याखेरीज पाचव्याकडे वळणे हे त्या विचाराशीच अप्रामाणिक ठरेल. भारतीय मानकांत रंगमंचासाठी चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार धरला जातो. परंतु समूहनृत्यात पंधरा-वीस मुले एकदम उडी मारतात तेव्हा उभ्या वजनाइतकाच आडवा हेलकावाही घातक असतो, आणि पायांना तिरप्या पट्ट्या नसतील तर जाड फळीही उपयोगी पडत नाही. मागच्या कडेला कठडा, काळोखात दिसेल अशी पांढरी पट्टी आणि रंगीत तालमीपूर्वी मोठ्यांनी स्वतः चढून घेतलेली परीक्षा, एवढे तरी अपरिहार्य आहे.

विद्यार्थी नट व्यावसायिक नटाप्रमाणे नकार देऊ शकत नाही. गुरुजी ‘चढ’ म्हणाले की तो चढतो. त्याच्या श्रद्धेमुळेच इतरांचे उत्तरदायित्व वाढते. नाट्यशास्त्रात भूमी मोजण्याची दोरी तुटल्यास कोणावर काय ओढवते याची मालिका दिली आहे: अर्ध्यावर तुटल्यास स्वामीचा मृत्यू, तिसऱ्या भागावर तुटल्यास राष्ट्रात प्रकोप, चौथ्या भागावर तुटल्यास प्रयोक्त्याचा, म्हणजे प्रयोग बसवणाऱ्याचा नाश. त्या मालिकेत नटाचे नाव कुठेही येत नाही.