मावशींचं ताट

पाहुणी जर्मनीची, पूर्वेकडच्या कॉटबुस शहराजवळची. निवृत्त शिक्षिका. ‘सर्वास’ या संघटनेच्या रिवाजाप्रमाणे ती दोन रात्री आमच्याकडे राहणार होती. पैशाची देवघेव नाही, हॉटेलसारखी सरबराई नाही. घरातलं जे असेल ते एकत्र बसून जेवायचं आणि बोलायचं. दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती तेव्हा, १९४९ साली, बॉब लुइटवेलर या युद्धाला नकार देणाऱ्या अमेरिकन माणसाने डेन्मार्कमध्ये या कामाची सुरुवात केली. ‘सर्वास’ हा एस्पेरांतो भाषेतला शब्द, अर्थ ‘सेवा करतो’. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्या गावावर बॉम्ब टाकायला माणसाचा हात सहजासहजी उठणार नाही, ही त्यामागची श्रद्धा. मला ती भाबडी वाटत नाही. तिला पुष्कळ वेळ लागतो, एवढंच.

पाहुणी येणार म्हणून दोन दिवस मी घर लख्ख करत होते. भरली वांगी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, वरण-भात, शेवयांची खीर. पुण्यातल्या आमच्या घराने अख्ख्या देशाचं नाव राखायचं, अशा ताणाने मी ओट्याशी उभी होते. मावशी पोळ्या लाटत होत्या. आमच्याकडे त्या अकरा वर्षं कामाला येतात.

पानं वाढली. पाहुणी बसली, माझे यजमान बसले, मुलगी बसली. मी वाढायला उभी. माझी आई अशीच उभी राहायची, आजीही. आग्रह करायचा, पानात काय संपलं ते पाहायचं, सगळ्यांचं झालं की आपण बसायचं. पाहुणी हातातला घास तसाच ठेवून म्हणाली, “तुम्ही बसल्याशिवाय मला जेवता येणार नाही.” मी बसले. मग तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मुळीच खोच नसलेल्या आवाजात विचारलं, “आणि त्या? त्या तुमच्या कोण?”

मुलगी पटकन म्हणाली, “मावशी.” पुढे त्या शब्दाचा इंग्रजीत अर्थही सांगितला: आईची बहीण. पाहुणीला ते खरंच वाटलं. “मग त्या आपल्याबरोबर का नाहीत?”

या एका प्रश्नाने मला जे दाखवलं ते अकरा वर्षांत दिसलं नव्हतं. आपल्याकडे पाहुण्याला देव म्हणतात. पण देवाला नैवेद्य दाखवतात, त्याच्या शेजारी पाट मांडून कोणी जेवत नाही. नुसत्या पूजेने ओळख होत नाही. ओळख व्हायला एका पंगतीला बसावं लागतं, आणि आपल्याकडे सगळ्यात कडक पहारा होता तो नेमका पंगतीवर.

१८९० सालची पुण्यातली गोष्ट. गोपाळराव जोशी यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलं. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतली, कोणी तशीच ठेवली. पुढे हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि शहर पेटलं. जातीबाहेर टाकण्याचं ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, टिळक आणि रानडे दोघेही त्यात अडकले आणि रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. एक पेला चहा! तो कोणाच्या घरचा, कोणाच्या हातचा, यावर एवढं सगळं. ती मंडळी वेडी होती असं मला म्हणवत नाही. एकत्र खाण्याने माणसं बदलतात हे त्यांना आपल्यापेक्षा नीट ठाऊक होतं, म्हणून तर त्यांना भीती वाटली.

हेच गोपाळराव डॉ. आनंदीबाई जोशींचे पती. बायकोच्या शिक्षणासाठी त्यांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका धार्मिक नियतकालिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत होत्या, तिथे त्यांनी ते वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. ना ओळख, ना पाळख. १८८३च्या जूनमध्ये नऊवारीतली अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडून त्यांच्या घरी उतरली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. त्या घराण्याच्या पूकीप्सी इथल्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

मावशी म्हणवून घेणाऱ्या बाईने आपल्या कुळाच्या मातीत एका परक्या मुलीला जागा दिली. दोन देशांमध्ये याहून मोठा करार कोणत्या दिवाणखान्यात झाला असेल? आणि आम्ही तोच शब्द रोज वापरतो, तो जिच्यासाठी वापरतो तिला पाट न देता.

सरकारांनाही घरच्या जेवणाची किंमत कळते. १९८५ साली चीनच्या हेबेई प्रांतातला एक तरुण अधिकारी शेतीविषयक शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गेला होता. मस्कटीन या छोट्या गावात एका कुटुंबाने त्याला शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेल्या आपल्या मुलाची खोली दिली. तो अधिकारी म्हणजे शी जिनपिंग. २०१२ साली, उपराष्ट्राध्यक्ष असताना, त्या जुन्या यजमानांना भेटायला ते मुद्दाम मस्कटीनला गेले. दोन्ही देशांतलं व्यापारयुद्ध त्यामुळे टळलं नाही, हेही खरं. घरच्या जेवणाकडून तशी अपेक्षा करणं चूकच. करार सह्यांनी होतात आणि सह्यांनीच मोडतात. ताटावर होतं ते वेगळंच काही, आणि ते बहुधा यजमानाच्या बाजूला घडतं. पाहुणा आपला देश पाहायला येतो आणि त्याच्या डोळ्यांनी आपणच आपलं घर पहिल्यांदा पाहतो. ‘त्या आपल्याबरोबर का नाहीत’ हा प्रश्न दूतावासाच्या मेजवानीत कोणी विचारला नसता. तिथे काय विचारायचं नाही हे आधीच ठरलेलं असतं.

मी आत गेले. “मावशी, पान घ्या तुमचं. आमच्याबरोबर बसा.” त्या तयार होईनात. “पोळ्या गार होतील, तुमचं होऊ द्या.” शेवटी मुलीने हाताला धरून आणलं. खुर्चीच्या कडेवर बसल्या. पाहुणीने त्यांना विचारलं, तुमचं गाव कुठलं. मी दुभाषी झाले.

गाव करमाळ्याकडचं, भीमेकाठी. आता नाही. उजनी धरणाच्या पाण्यात गेलं, मावशी सहा-सात वर्षांच्या असताना. बैलगाडीत उलटं करून ठेवलेलं जातं आणि त्यावर बसलेली आजी, एवढं त्यांना आठवतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते त्या दोनदा जाऊन पाहून आल्या. “आमच्या गावचं मात्र काही वर येत नाही.”

हे सगळं मी इंग्रजीत सांगत होते आणि सांगता सांगताच पहिल्यांदा ऐकत होते. अकरा वर्षांत मी मावशींना त्यांचं गाव विचारलं नव्हतं.

पाहुणी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तिच्या आईचं गावही नाही. त्यांच्या भागात, लाउझित्समध्ये, कोळशाच्या खाणींसाठी शंभराहून जास्त गावं पाडली. तिच्या आजोळची शाळा, चर्च, सफरचंदाची बाग, सगळं खणून काढलं. पुढे कोळसा संपला, खड्डा उरला, त्यात पाणी सोडलं. आता तिथे तळं आहे आणि लोक होड्या चालवतात.

मी मराठीत सांगितलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “पाण्याखाली? त्यांचंही?”

त्या उठल्या. भाताचं पातेलं त्यांनी माझ्या हातातून घेतलं, पाहुणीच्या पानात एक मूद वाढली, वर वरण घातलं, तूप सोडलं. पाहुणी हाताने पुरे पुरे म्हणत होती. “असू दे, खा,” मावशी मराठीतच म्हणाल्या, आणि दुसरी मूद वाढली.