शिलोहाचा बुरूज आणि हरवलेलें नाणें



पुलगांवचें नांव आपल्या वर्धा जिल्ह्यांत कोणास ठाऊक नाहीं? तेथील लष्करी दारूगोळ्याच्या कोठारास २०१६ सालीं, मे महिन्याच्या ३१ तारखेस, मध्यरात्र उलटल्यावर आग लागली व भयंकर स्फोट झाले. आगरगांवासारख्या जवळच्या खेड्यांतील लोक लेंकरें कडेवर घेऊन अंधारांत घराबाहेर पडले. आग विझविण्यास जे धांवले त्यांतील पुष्कळ जण परतले नाहींत. दोन लष्करी अधिकारीही त्यांत मरण पावले. पुढें २०१८ सालीं, नोव्हेंबरच्या २० तारखेस सकाळीं, सोनेगांवाजवळच्या मैदानांत जुना दारूगोळा नष्ट करावयाचा असतां पुन्हां स्फोट झाला आणि सहा माणसें दगावलीं. त्यांत पोटासाठीं पेट्या उतरविणारे मजूर होते.

अशा वेळीं दुःखाच्या मागोमाग एक कुजबुज गांवांत शिरते. कोणी म्हणतो, त्या घराला शाप होता. कोणी म्हणतो, मागचें कांहीं पाप फळास आलें. खेदाची गोष्ट ही कीं, आपल्या मंडळ्यांतही ही कुजबुज ऐकूं येते, फक्त तिला शास्त्राचा पेहराव चढविलेला असतो. परंतु आपल्या प्रभूनें ह्या प्रश्नाचें उत्तर देऊन ठेविलें आहे. यरुशलेमांत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, ती गोष्ट त्यानें स्वतःच काढिली, आणि तीं माणसें शहरांतील इतरांहून अधिक पापी नव्हतीं असें स्पष्ट सांगितलें. ऐकणाऱ्यांस मात्र त्यानें मोकळें सोडलें नाहीं. मेलेल्यांचा हिशेब मांडूं नका, आपला पश्चात्ताप करा, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. बुरूज कां पडला हें त्यानें सांगितलें नाहीं. तें शोधणें राज्यकर्त्यांचें काम आहे व तें त्यांनीं कसून करावें. मजुराचा जीव स्वस्त नाहीं. उपदेशकानें त्या घरीं जाऊन बसावें. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री मुकाट्यानें बसले तोंवर त्यांचें सर्व ठीक होतें!

मोठ्या संकटाच्या शेजारीं राहणाऱ्यांस आणखी एक अडचण पडते. शेजारीण कुंकवास मुकली असतां, माझी शेळी मेली, किंवा अवकाळी पावसानें घरांतला कापूस भिजला, हें देवास काय सांगावें, असें कित्येक भगिनींस वाटतें. त्या लाजून गप्प राहतात; आणि तें न सांगितलेलें दुःख मग सुनेवर नाहीं तर पोरांवर निघतें.

बंधुभगिनींनो, लूकाच्या शुभवर्तमानांत बुरुजाची गोष्ट तेराव्या अध्यायांत आहे. दोनच अध्याय पुढें चला. एका बाईजवळ दहा नाणीं होतीं, त्यांतलें एक हरवलें. नऊ तर होतींच! तरी ती दिवा लावते, घर झाडते, सांपडेपर्यंत शोधते. आणि तिच्या आनंदावरून प्रभु स्वर्गांतील आनंद समजावून देतो. बुरुजाखालचीं अठरा माणसें ज्याच्या ध्यानांत होतीं, त्याच्याच ध्यानांत केरांत पडलेलें तें एक नाणेंही होतें. त्या बाईनें कोणावर आळ घेतल्याचें तेथें लिहिलेलें नाहीं.

गोऱ्ह्यास कोणी शेतकरी पहिल्याच दिवशीं भरल्या गाडीला जुंपीत नाहीं. आधीं रिकामी गाडी, मग थोडें वजन. ज्या घरांत फुटलेल्या मडक्यावरून रात्रभर तंटा चालतो, त्या घराची मान मोठ्या जोखडाखालीं कशी टिकावी? भिजलेला कापूस उन्हांत पसरतांना जी बाई प्रार्थना करावयास शिकली, तिला स्मशानांतून परतल्यावर प्रार्थना कोठें आहे हें हुडकावें लागत नाहीं.

ह्या आठवड्यांत कौटुंबिक उपासनेच्या वेळीं हे दोन अध्याय लागोपाठ वाचावे. ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांस शाळेंत जाणाऱ्या लेंकरानें वाचून दाखवावे. आणि पुलगांवच्या आसपास ज्यांचीं घरें आहेत त्यांनीं, ज्या घरचा कर्ता कामास गेला तो परतला नाहीं, तेथें कापूस वेंचणीच्या दिवसांत एक दिवस मजुरी न घेतां जावें.