बाकावरचा दांडा

दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली लोकांना खुले झाले. त्याच्या भोवतीचा कट्टा म्हणजे खरे तर कुंपण. पण इतके बुटके, की ते माणसाला अडवण्याऐवजी बसवून घेते. मैदानाकडे तोंड करा की रस्त्याकडे, कट्टा काही विचारीत नाही.

आमच्या गावच्या बागेत बाके आहेत. दुपारी त्यांवर कुणी ना कुणी झोपे. बसायला जागा उरत नाही, म्हणून आम्ही काही मंडळींनी अर्ज केला आणि प्रत्येक बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसला. अर्जावर माझीही सही होती.

परवा तिथे एक हमाल बसल्या बसल्या पेंगताना दिसला. मान कलंडे, दांड्यावर आपटे, की तो दचकून जागा होई. पहारेकऱ्याने हाकलले असते, तर त्याला चार शब्द तरी बोलता आले असते. कदाचित पहारेकऱ्याला दयाही आली असती. लोखंडाला ती कुठून येणार? आपला कठोरपणा आपण त्याच्या हवाली करतो आणि स्वतः सभ्य राहतो.

झोपलेला माणूस तिघांची जागा अडवतो, हे खरेच. पण त्यावर उपाय आणखी एक बाक हा होता. तो आम्हांला सुचला नाही, कारण अर्ज लिहिताना आमच्यापैकी कुणीही दमलेले नव्हते.